बहिरा कुत्रा दत्तक घेताना: तपासणीपासून रोजच्या सवयींपर्यंत

शेवरी आमच्या घरी आली तेव्हा साधारण दीड वर्षांची होती. अंगाने पांढरीशुभ्र, डाव्या कानाच्या टोकाला तेवढा बदामी डाग. ज्या निवाऱ्यातून आम्ही तिला आणले, तेथील नोंदवहीत तिच्या नावापुढे "ऐकत नाही" असा शेरा होता. आमच्याआधी एका कुटुंबाने तिला नेऊन तिसऱ्याच आठवड्यात परत आणून सोडले होते, कारण त्यांनी त्या शेऱ्याचा अर्थ "हट्टी आहे, सांगितलेले मानत नाही" असा घेतला होता. शेवरीला खरोखरच ऐकू येत नव्हते. दोन्ही कानांनी, जन्मापासून. मराठीत कानाने ऐकणे आणि सांगितलेले मानणे या दोन्हींसाठी आपण एकच क्रियापद वापरतो, आणि बहिऱ्या कुत्र्यांबद्दलचे निम्मे गैरसमज तेथूनच सुरू होतात.

शेवरीला घरी येऊन आता सहा वर्षे झाली. या काळात जे समजले ते असे, की बहिऱ्या कुत्र्याला वेगळे असे फार थोडे शिकवावे लागते. सवयी बदलाव्या लागतात त्या घरातल्या माणसांना. आपण दिवसभर कुत्र्याशी तोंडाने बोलत असतो, पाठमोरे असताना, दुसऱ्या खोलीतून, हातातले काम न सोडता. बहिऱ्या कुत्र्याशी असे बोलता येत नाही. त्याच्या नजरेच्या टप्प्यात जावे लागते, त्याची नजर आपल्याकडे वळेपर्यंत थांबावे लागते आणि मगच काही सांगता येते.

बहिरेपणा कशामुळे येतो

जन्मजात बहिरेपणाचा संबंध बहुतेक वेळा रंगाशी असतो. त्वचेला आणि केसांना रंग देणाऱ्या पेशी आतल्या कानातही असतात आणि तेथील रक्तवाहिन्यांचा एक बारीक पट्टा निरोगी ठेवण्यासाठी त्यांची गरज असते. पांढऱ्या रंगाच्या किंवा 'मर्ल' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या चट्टेदार करड्या रंगाच्या जनुकांमुळे ज्या पिल्लाच्या आतल्या कानात या पेशी राहत नाहीत, त्याच्या कानातील तो पट्टा जन्मानंतर काही आठवड्यांतच झिजतो आणि त्यामागोमाग ध्वनी टिपणाऱ्या केसपेशी मरतात. पिल्लाचे कान सुमारे दोन आठवड्यांनी उघडतात आणि पुढच्या एक-दोन आठवड्यांत हे सारे घडून गेलेले असते. मेलेल्या केसपेशी पुन्हा उगवत नाहीत, म्हणून या बहिरेपणावर औषध नाही.

डाल्मेशियन हे याचे सर्वांत ठळक उदाहरण आहे. अमेरिकेत तपासलेल्या डाल्मेशियनांपैकी सुमारे ८ टक्के दोन्ही कानांनी आणि सुमारे २२ टक्के एका कानाने बहिरे आढळले आहेत. पांढरे बुल टेरियर, इंग्लिश सेटर, ऑस्ट्रेलियन कॅटल डॉग आणि डोगो अर्जेंटिनो या जातींतही हे प्रमाण मोठे आहे. आपल्याकडे तमिळनाडूतील राजपालयम या पांढऱ्या शिकारी जातीत बहिरी पिल्ले नेहमी आढळतात. २००५ मध्ये भारतीय टपाल खात्याने देशी कुत्र्यांवर जी चार तिकिटे काढली, त्यांपैकी एक याच जातीचे होते. दोन मर्ल कुत्र्यांचे मीलन घडवले तर सरासरीने चारांतल्या एका पिल्लाला ते जनुक दोन्हीकडून मिळते, आणि अशी पिल्ले बहिरी, अंध किंवा दोन्ही निघण्याचा धोका फार असतो. केवळ दिसायला देखणी पिल्ले मिळावीत म्हणून हे मुद्दाम केले जाते, याचा मला मनापासून राग येतो. मात्र पांढरा कुत्रा म्हणजे बहिरा कुत्रा असे समजू नये. आपल्याकडे घरोघरी दिसणाऱ्या स्पिट्झचा पांढरेपणा वेगळ्या जनुकांमुळे असतो आणि त्याचा कानांशी संबंध नसतो.

नंतर येणाऱ्या बहिरेपणाची कारणे निराळी आहेत. वाढते वय हे त्यातले सर्वसामान्य कारण होय. त्याशिवाय कानातला जुना संसर्ग, डोक्याला लागलेला मार, कानाजवळ झालेला मोठा स्फोट आणि काही औषधे यांमुळेही कान जातात. पडदा फाटलेला असताना जेंटामायसिनसारखी औषधे कानात घातली तर कायमचे नुकसान होऊ शकते, म्हणून मागच्या वेळचे उरलेले थेंब डॉक्टरांना न दाखवता पुन्हा घालू नयेत. याउलट मळाने किंवा सुजेने कान बंद झाला असेल, तर उपचारानंतर ऐकू येण्याची शक्यता असते. त्यामुळे "बहिरा आहे" या शेऱ्यावर न थांबता कान आतून तपासून घेणे ही पहिली पायरी समजावी.

खात्री कशी करावी

घरगुती चाचणीत बहुतेकांची एक चूक होते. कुत्रा झोपलेला असताना शेजारी ताट आपटतात, तो दचकून उठतो आणि सर्वांना वाटते की त्याला ऐकू येते. प्रत्यक्षात त्याला फरशीची थरथर आणि हवेचा झोत जाणवलेला असतो. चाचणी करायची ती कुत्रा गाढ झोपलेला किंवा पाठमोरा असताना, चार-पाच पावलांवरून, आपली सावली त्याच्यावर पडणार नाही अशा बेताने. पंखा बंद ठेवावा आणि पाठीमागे धरलेले पिपाणीचे खेळणे एकदाच वाजवावे. ऐकू येणाऱ्या कुत्र्याचा निदान कान तरी हलतो. लागोपाठ दहा वेळा वाजवण्यात अर्थ नाही, कारण ऐकू येणारा कुत्राही तिसऱ्या-चौथ्या वेळी लक्ष देईनासा होतो. शेवरीच्या बाबतीत आमची खात्री कुकरने करून दिली. ती ओट्याखाली झोपलेली असताना तिच्या डोक्यावर हातभर अंतरावर चार शिट्ट्या झाल्या आणि तिची मिशीसुद्धा हलली नाही.

एका कानाचा बहिरेपणा घरी ओळखता येत नाही. त्यासाठी 'बेअर' नावाची चाचणी असते. डोक्याच्या कातडीखाली बारीक सुयांचे इलेक्ट्रोड बसवून प्रत्येक कानात स्वतंत्रपणे टिकटिक असा आवाज सोडतात आणि मेंदूपर्यंत पोहोचणाऱ्या विद्युतलहरी नोंदवतात. ऐकणाऱ्या कानाचा आलेख शिखरांचा येतो, बहिऱ्या कानाचा जवळजवळ सपाट. पाच-सहा आठवड्यांच्या पिल्लापासून पुढे कोणत्याही वयात ती करता येते. आपल्याकडे ही सोय गावोगावी नाही. पशुवैद्यकीय महाविद्यालयात चौकशी करावी. पण दोन्ही कान गेल्याचे घरी स्पष्ट दिसत असेल, तर या चाचणीपायी दत्तक घेणे लांबवण्याची गरज नाही. कानाची साधी तपासणी मात्र टाळू नये. मुंबईकरांना परळचे बैलघोडा हॉस्पिटल, म्हणजे बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय, जवळ पडेल. इतरत्र जवळच्या पशुवैद्यांकडून कान आतून पाहून घ्यावा.

निवाऱ्यात काय पाहावे

बहिरे कुत्रे चावरे असतात अशी समजूत खोलवर रुजलेली आहे, आणि परदेशातील काही जातींच्या संघटनांनी तर दोन्ही कानांनी बहिऱ्या पिल्लांना मारून टाकण्याचा सल्ला अनेक वर्षे दिला. २०१४ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी मालकांच्या उत्तरांवरून बहिऱ्या किंवा अंध कुत्र्यांची इतर कुत्र्यांशी तुलना केली, तेव्हा त्यांच्यात आक्रमकपणा जास्त आढळला नाही. भुंकणे आणि वस्तू चावणे मात्र थोडे जास्त आढळले. माझा अनुभवही तोच आहे. दचकलेला कुत्रा, मग तो ऐकणारा असो वा बहिरा, क्षणभर दात दाखवू शकतो. म्हणून निवड करताना तो दचकतो का, याकडे पाहण्यापेक्षा दचकल्यावर किती लवकर सावरतो ते पाहावे.

निवाऱ्यात एकदा जाऊन निर्णय घेऊ नये. निदान तीनदा, वेगवेगळ्या वेळी जावे. कुत्र्याला इतर कुत्र्यांपासून बाजूला, मोकळ्या खोलीत भेटावे. खाली बसावे, हात गुडघ्यावर ठेवावेत आणि त्याला स्वतःहून जवळ येऊ द्यावे. तो अधूनमधून आपल्या तोंडाकडे पाहतो का, ही माझ्या मते सर्वांत महत्त्वाची खूण आहे, कारण जो कुत्रा माणसाचा चेहरा शोधतो त्याला खुणा शिकवणे सोपे जाते. त्याच्या डोळ्यांचीही तपासणी करून घ्यावी. मर्ल जातकुळीच्या कुत्र्यांत डोळे लहान किंवा सदोष असू शकतात, आणि ज्याला कान नाहीत त्याचे डोळे कितपत चांगले आहेत हे आधीच माहीत असलेले बरे.

कार्यकर्त्यांना स्पष्ट विचारावे: झोपेतून उठवल्यावर तो काय करतो, खाताना कोणी जवळ गेले तर काय करतो, याआधी कोणी परत आणला आहे का आणि का. शक्य असेल तर दोन आठवडे सांभाळायला म्हणून घरी न्यावा आणि मग कायमचा निर्णय घ्यावा. घरात सहा-सात वर्षांखालची मुले असतील तर घाई करू नये. हा कुत्र्याचा दोष नव्हे. लहान मूल झोपलेल्या कुत्र्याच्या अंगावर पडते, आणि बहिऱ्या कुत्र्याला त्याची चाहूल लागलेली नसते.

कागदपत्रांचे काम थोडे आहे. रेबीज आणि इतर लसींची नोंद, नसबंदीचा दाखला, निवाऱ्याचे दत्तकपत्र आणि महानगरपालिकेचा परवाना एवढे जवळ ठेवावे. सोसायटीने हरकत घेतली तर प्राणी पाळण्यावर सरसकट बंदी घालण्याचा अधिकार तिला नाही, हे भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ च्या परिपत्रकात स्पष्ट केलेले आहे. तरीही वाद घालण्याआधी शेजाऱ्यांना घरी बोलावून कुत्रा दाखवावा, खूण करून दाखवावी. आमच्या मजल्यावरच्या काकू पहिल्या दिवशी दारातूनच "अहो, बहिरी कुत्री कशाला आणलीत, अंगावर येईल" म्हणाल्या होत्या. त्यांनी हात वर केल्यावर शेवरी पटकन बसली, तेव्हापासून लिफ्टमध्ये भेटल्या की आधी त्यांचाच हात वर जातो.

घराची तयारी

मुख्य दाराच्या आत दुसरा अडसर असावा. आमच्याकडे पहिल्याच महिन्यात गॅसचा सिलिंडर घेऊन माणूस आला, दार उघडे राहिले आणि शेवरी जिना उतरून गेली. आम्ही तिघे जिन्यात हाका मारत धावलो, आणि दोन मजले उतरल्यावर लक्षात आले की हाका कोणासाठी मारतो आहोत. ती तळमजल्यावर वाहने लावण्याच्या जागेत एका गाडीखाली सापडली. त्याच संध्याकाळी सुताराला बोलावून कमरेएवढे लाकडी जाळीचे फाटक बसवून घेतले. गच्ची आणि बाल्कनी यांनाही जाळी हवी.

तिच्या गळपट्ट्याला त्यानंतर एक घुंगरू बांधले. ते तिला ऐकू येत नाही, त्यामुळे त्रासही नाही, आणि ती घरात कोठे आहे हे आम्हाला न बघता कळते. हा उपाय मी प्रत्येकाला सांगते. पैसे लागत नाहीत आणि पलंगाखाली शोधाशोध वाचते.

अंथरूण येण्याजाण्याच्या वाटेत ठेवू नये. पाठीला भिंत आणि समोर दार दिसेल अशी कोपऱ्यातली जागा निवडावी, म्हणजे पाठीमागून कोणी येण्याची भीती राहत नाही. परदेशी पुस्तकांत बहिऱ्या कुत्र्याला बोलावण्यासाठी पाय आपटावा असे लिहिलेले असते. लाकडी जमिनीवर ते चालते. आपल्या सिमेंटच्या स्लॅबवर आणि फरशीवर थरथर फारशी पोहोचत नाही. त्याऐवजी खोलीतला दिवा एकदा बंद-चालू करणे हा आमच्याकडचा चांगला मार्ग आहे. रात्री मंद दिवा लावून ठेवावा. वीज गेली की बहिऱ्या कुत्र्याचे बोलणेच बंद पडते, म्हणून एक विजेरी ठरलेल्या जागी टांगून ठेवावी आणि तिचा झोत स्वतःच्या हातावर टाकून खूण करावी. विजेरीचा ठिपका जमिनीवर फिरवून खेळवू नये आणि लेझरला तर हात लावू नये. कुत्र्यांना उजेडामागे धावण्याचे वेड लागते आणि ज्याचे सारे लक्ष डोळ्यांत आहे त्याला ते लवकर लागते.

स्पर्श, नजर आणि खुणा

पहिले तीन-चार दिवस काहीही शिकवू नये. जेवणाच्या, फिरण्याच्या आणि झोपण्याच्या वेळा ठरवाव्यात आणि त्याला घर पाहू द्यावे.

त्यानंतरचे पहिले काम स्पर्शाची भीती घालवण्याचे आहे. कुत्रा जागा असताना, त्याला आपण दिसत असताना, खांद्याला दोन बोटांनी हलकेच स्पर्श करावा आणि त्याच क्षणी तोंडात खाऊचा तुकडा द्यावा. उकडलेल्या कोंबडीचा किंवा पनीरचा हरभऱ्याएवढा तुकडा पुरतो. एका बैठकीत दहा-बारा वेळा, दिवसातून तीन-चार बैठका. दोन-तीन दिवसांत स्पर्श होताच तो खाऊसाठी मान वळवू लागतो. मग बाजूने, मग पाठीमागून, मग पेंगत असताना आणि सर्वांत शेवटी झोपेत असताना हेच करावे. घरातल्या प्रत्येकाने हे स्वतंत्रपणे करावे, कारण एका माणसाच्या हातावर बसलेला विश्वास आपोआप दुसऱ्याच्या हातावर जात नाही. खांद्याची जागा मात्र सर्वांनी एकच ठेवावी.

झोपेतून उठवण्याची आमच्या सासूबाईंची पद्धत याहून सौम्य आहे. त्या वाकून तळहात शेवरीच्या नाकासमोर वीतभर अंतरावर धरतात आणि नुसत्या थांबतात. आधी नाकपुड्या हलतात, मग शेपटीचे टोक, आणि शेवटी डोळे उघडतात. वासाने उठलेला कुत्रा दचकत नाही. घाई नसेल तेव्हा हीच पद्धत वापरावी.

दुसरे काम नजरेचे. ऐकणाऱ्या कुत्र्याला नाव घेऊन बोलावता येते. बहिऱ्या कुत्र्याने आपण होऊन आपल्याकडे पाहावे लागते, आणि ही सवय लावावी लागते. दिवसभर खिशात खाऊचे तुकडे ठेवावेत. तो आपल्या चेहऱ्याकडे पाहील त्या प्रत्येक वेळी, काहीही न सांगता, एक तुकडा द्यावा. फिरायला गेल्यावरही तसेच. आठवडा-दोन आठवड्यांत तो दर काही पावलांनी मागे वळून पाहू लागतो. माझ्या मते संपूर्ण शिक्षणातला हा सर्वांत मोलाचा भाग आहे आणि नेमका तोच लोक घाईने उरकतात. खुणा शिकवायला उत्साह असतो, पण जो पाहतच नाही त्याला खूण दाखवून उपयोग काय?

तिसरे काम खुणांचे. सर्वांत आधी "शाब्बास"ची खूण पक्की करावी. आम्ही अंगठा वर करतो. अंगठा दाखवायचा आणि लगेच खाऊ द्यायचा, असे तीस-चाळीस वेळा झाले की अंगठा पाहताच कुत्र्याचे तोंड खुलते. त्यानंतर तो नेमके हवे ते करतो त्या क्षणी अंगठा दाखवता येतो, आणि खाऊ दोन सेकंद उशिरा आला तरी कशाबद्दल मिळाला हे त्याला कळते.

बाकीच्या खुणा कोणत्याही ठरवा, पण त्या एकमेकींपासून स्पष्ट वेगळ्या, एका हाताने जमतील अशा आणि लांबून दिसतील अशा असाव्यात. आपण माणसाला बोलावताना तळहात खाली करून बोटे हलवतो. ती हालचाल वीस फुटांवरून कुत्र्याला नीट दिसत नाही. "ये" म्हणायला पूर्ण हात बाजूला पसरून छातीशी आणावा. "बस"साठी तळहात वर करून हात उचलावा, "थांब"साठी तळहात पुढे धरावा, "झाले, संपले" यासाठी दोन्ही रिकामे हात उघडून दाखवावेत. नावाचीही खूण हवी. शेवरीचे नाव म्हणजे गालाला लावलेले बोट. एका वेळी एकच खूण घ्यावी, पाच मिनिटांपेक्षा जास्त शिकवू नये आणि घरातल्या सर्वांच्या खुणांत तंतोतंत सारखेपणा ठेवावा. आम्ही खुणांची चित्रे काढून फ्रिजवर लावली होती आणि कामाला येणाऱ्या मावशींनी ती सर्वांत आधी पाठ केली.

खूण करताना तोंडाने बोलणे थांबवू नये. शब्द त्याला पोहोचत नाहीत, पण बोलताना आपला चेहरा जसा बदलतो तसा मुक्याने बदलत नाही, आणि कुत्रा तो चेहरा वाचतो. नको असलेल्या गोष्टीसाठी कपाळाला आठी आणि मानेने नकार पुरतो. बोट नाचवत अंगावर धावून जाणे, मानगूट धरणे असे काही करू नये, कारण हात हीच त्याची भाषा आहे आणि हाताची भीती बसली तर बोलण्याचे साधनच जाते.

आणखी एक खूण अगत्याने शिकवावी, ती म्हणजे "मी जाऊन येते". बहिरा कुत्रा गाढ झोपतो. आपण तो झोपलेला असताना हळूच बाहेर गेलो तर त्याला दाराचा आवाज येत नाही. जाग येते तेव्हा घर रिकामे असते आणि तो वेड्यासारखा खोल्याखोल्यांतून शोधत राहतो. त्याला उठवावे, खूण करावी, थोडा खाऊ द्यावा आणि मग जावे. दुसऱ्या खोलीत बराच वेळ जायचे असेल तरी जाता जाता एक स्पर्श करून जावे. शेवरी पहिले वर्षभर आमच्या पायांना चिकटून फिरत असे. ही सवय पाळल्यावर ती एकटी शांत बसू लागली.

थरथरणारा गळपट्टा बाजारात मिळतो. "माझ्याकडे पाहा" एवढ्या एकाच अर्थाने तो उपयोगी पडतो आणि स्पर्शाप्रमाणेच, थरथर झाली की खाऊ, असे शिकवून वापरावा. भित्र्या कुत्र्याला तो घालू नये, रात्री काढून ठेवावा. विजेचा झटका देणारा गळपट्टा ही वेगळी वस्तू आहे. दोन्ही एकाच उपकरणात असतील तर ते घेऊ नये, चुकून बटण दाबले जाते.

भुंकण्याबद्दल थोडेसे. बहिऱ्या कुत्र्याला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही, त्यामुळे तो कधी चिरका, कधी फार मोठ्याने भुंकतो. ओरडून काही होणार नाही. त्याच्यासमोर जावे, नजर मिळवावी, "झाले" अशी खूण करावी आणि गप्प बसताच अंगठा दाखवावा. कंटाळ्याने भुंकत असेल तर जुन्या टॉवेलच्या घड्यांत खाऊ लपवून द्यावा. नाकाने काम करणारा कुत्रा अर्ध्या तासात दमून झोपतो.

रस्त्यावर

बहिऱ्या कुत्र्याला रस्त्यावर कधीही, कितीही शिकलेला असला तरी, मोकळे सोडू नये. हा नियम मी सहा वर्षांत एकदाही मोडलेला नाही. अंगात घालायचा हार्नेस आणि चार-पाच फुटांचा पट्टा रस्त्यासाठी, मोकळ्या मैदानासाठी दहा मीटरची लांब दोरी. चालताना तो वाहनांच्या विरुद्ध बाजूला आणि समोरून येणारी वाहने दोघांनाही दिसतील असा असावा, कारण मागून येणाऱ्या दुचाकीची चाहूल त्याच्या वतीने आपल्यालाच घ्यावी लागते. एका कानाने बहिऱ्या कुत्र्यालाही हे लागू आहे. त्याला हॉर्न ऐकू येतो, पण तो कोणत्या बाजूने आला हे कळत नाही आणि तो नेमका वाहनाकडे धावू शकतो.

गल्लीतल्या कुत्र्यांचा प्रश्न अधिक नाजूक आहे. कुत्रे एकमेकांशी मुख्यतः अंगाने बोलतात आणि ते शेवरीला उत्तम समजते. पण पाठीमागून आलेली गुरगुर तिला ऐकू येत नाही, ती वळत नाही आणि समोरच्याला तो उद्धटपणा वाटतो. म्हणून दर थोड्या वेळाने मागे पाहावे, कुत्रे लांबून दिसताच वाट बदलावी आणि आपल्या गल्लीतल्या दोन-चार कुत्र्यांशी आधीच ओळख करून ठेवावी.

गळपट्ट्यावर फोन क्रमांकासोबत "मी बहिरी आहे" अशी पट्टी मराठीत आणि इंग्रजीत असावी, मायक्रोचिपही बसवून घ्यावी. सोसायटीच्या वॉचमनकाकांना ती बहिरी असल्याचे आवर्जून सांगावे. गाडीच्या सावलीत झोपलेल्या ऐकणाऱ्या कुत्र्याला इंजिन सुरू झाल्याचे कळते, हिला कळणार नाही.

दिवाळीत लोक म्हणतात, "तुमचे बरे आहे." काही अंशी ते खरे आहे. पण मोठ्या स्फोटाचा हादरा छातीला जाणवतो आणि खिडकीतले झगमगणारे लोळ दिसतात. पडदे ओढून ठेवावेत आणि ती कोठे बसते ते पाहावे. शेवरी न्हाणीघरात जाऊन बसते; आम्ही तिचे अंथरूण त्या चार दिवसांपुरते तेथेच टाकतो.

डॉक्टर, औषधे आणि पुढची वर्षे

दवाखान्यात गेल्यावर तिला ऐकू येत नाही हे डॉक्टरांइतकेच मदतनिसांनाही सांगावे आणि इंजेक्शन देताना आपण तिच्या डोळ्यांसमोर उभे राहावे. ऐकू येत नसले तरी कान दुखतातच. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात आणि गोव्यात, ओलाव्यामुळे कानात बुरशी वाढते, म्हणून आठवड्यातून एकदा कानाचा वास घ्यावा आणि आतली लाली पाहावी. पांढऱ्या कुत्र्याच्या नाकाची व कानांच्या टोकांची गुलाबी कातडी उन्हाने भाजते आणि पुढे तेथे कर्करोगही होऊ शकतो. उन्हाळ्यात सकाळी लवकर आणि सूर्य मावळल्यावरच बाहेर न्यावे. नसबंदी अवश्य करावी, कारण हा बहिरेपणा पिढ्यान्‌पिढ्या पुढे जातो.

ज्यांच्या घरातला जुना, ऐकणारा कुत्रा आता हाकेला उठेनासा झाला आहे, त्यांनाही हीच रीत उपयोगी पडते. उलट कुत्रा सात-आठ वर्षांचा होताच प्रत्येक शब्दाबरोबर खूण करायला लागावे. शब्द आणि खूण बरोबरीने चालली तर कान गेल्यावर खूण तशीच शिल्लक राहते. अचानक एका दिवसात ऐकू येईनासे झाले असेल, किंवा त्यासोबत मान कलणे, तोल जाणे, कान खाजवणे असेल, तर ते वय समजून न थांबता त्याच दिवशी तपासून घ्यावे.

बहिऱ्या कुत्र्याचे डोळे वर्षातून एकदा तपासावेत आणि वय वाढू लागले की खुणांसोबत स्पर्शाच्या खुणाही शिकवायला सुरुवात करावी. पाठीच्या शेवटी दोन बोटांचा हलका दाब म्हणजे बस, छातीवर तळहात म्हणजे थांब, हनुवटीखाली बोट म्हणजे जेवण तयार आहे. शेवरी आता साडेसात वर्षांची आहे आणि तिच्या उजव्या डोळ्यात बारीक निळसर झाक दिसू लागली आहे. डॉक्टरांच्या मते ती वयोमानाची आहे आणि तिला अजून नीट दिसते. तरीही गेल्या महिन्यापासून आम्ही रोज संध्याकाळी दिवा मालवून पाच मिनिटे बसतो आणि सासूबाई तिच्या हनुवटीखाली बोट ठेवून मग वाटी पुढे सरकवतात.